मुलांचे निसर्ग शिबिर आणि राहुलाला दिलेला धडा



उन्हाळी सुट्टी आली की मुलांना निसर्ग शिबिराला पाठवावे की गणित-कोडिंगच्या वर्गाला, हा प्रश्न घरोघरी निघतो. आपल्यापैकी बरेच जण वर्गाला पसंती देतात. त्यामागे इतिहास आहे. आपल्या आजी-आजोबांसाठी रान म्हणजे मोळी, मजुरी आणि पायपीट. त्यातून शिक्षणाने सोडवले. मग तंबूत झोपायला पैसे कशाला भरायचे, असे वाटणे साहजिक आहे. तरीही धम्म आणि विज्ञान या दोन्ही बाजूंनी याचा विचार करून पाहू.

धम्म काय सांगतो?

शाक्यांच्या पेरणीच्या उत्सवात सिद्धार्थ स्वतः नांगर धरीत, अंगमेहनतीला कमी लेखत नसत, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये लिहिले आहे. महासच्चक सुत्तानुसार, देहदंड व्यर्थ ठरल्यावर बुद्धांना लहानपणी जांभळाच्या सावलीत लाभलेली शांतता आठवली आणि तिथून पुढची वाट दिसली.

महाराहुलोवाद सुत्तात तर राहुलाचे पाठ्यपुस्तकच निसर्ग आहे. जमिनीवर स्वच्छ टाका वा घाण टाका, ती किळस करत नाही. मन तसे कर. पाणी, अग्नी, वारा, आकाश यांचेही तसेच. शाळेत नावावरून किंवा रंगावरून चिडवले जाणाऱ्या आपल्या मुलांना हा धडा ओल्या मातीत बसून अधिक चांगला कळेल.

विज्ञान काय सांगते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल करावी. बाहेरच्या उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना दूरचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते. कॅलिफोर्नियातील सहावीच्या मुलांवरचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवस फोन-टीव्हीविना निसर्ग शिबिरात राहिलेली मुले दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात इतरांपेक्षा जास्त सुधारली. यात निसर्गाचा वाटा किती, सवंगड्यांचा किती आणि पडदा नसण्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण दुसऱ्याचे दुःख चेहऱ्यावर वाचता येणे ही करुणेची पहिली पायरी आहे, हे आपण जाणतो.

हक्काची गोष्ट

निसर्गही सर्वांना सारखा खुला नव्हता. महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला. इथे व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात 1939 साली लुईस माउंटन हा भाग कृष्णवर्णीयांसाठी वेगळा ठेवलेला होता. आज आपली मुले त्याच डोंगरावर इतरांच्या बरोबरीने तंबू ठोकू शकतात. हा हक्क न वापरता सोडू नये.

काय करता येईल?

1. पहिल्यांदा दोन रात्रींचे शिबिर निवडा. पोहण्याच्या जागी जीवरक्षक आहे का, प्रथमोपचाराची सोय काय आहे, हे विचारून घ्या.
2. शिबिरात रोज दहा मिनिटे झाडाखाली आनापान करायला मुलांना सांगा.
3. राष्ट्रीय उद्यानात गेल्यास ज्युनिअर रेंजरची पुस्तिका घ्या. ती पूर्ण करून, शपथ घेऊन मुलांना बिल्ला मिळतो.
4. परत आल्यावर रोज संध्याकाळी चिचोके, पाने, गोष्टी जे काही आणले असेल ते ऐका, पाहा. तेव्हा आपलाही फोन बाजूला असू द्या.

वर्ग वर्षभर चालूच राहतील. या उन्हाळ्यात एक आठवडा मुलांना झाडांच्या हवाली करून पाहा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!