खरखरीत त्वचा आणि घरगुती उपचार

छत्तीसगडच्या मैदानी प्रदेशात भाताची कापणी आटोपते, त्याच सुमारास हवेतील ओलावा झपाट्याने कमी होऊ लागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रायपूर व त्याच्या परिसरातील हवा दमट असते. कार्तिक उलटला की उत्तरेकडील कोरडे वारे सुरू होतात आणि शेतात व खळ्यावर राबणाऱ्या माणसांच्या पोटऱ्यांवर नखाने ओढल्यासारखे पांढरे ओरखडे उमटू लागतात. दंडाच्या मागील बाजूवरून, मांड्यांवरून, मुलांच्या कोपरांवरून आणि गुडघ्यांवरून हात फिरवला असता तो किसणीवरून फिरवल्यासारखा वाटतो. घरातील वडीलधारी मंडळी यावर तेल चोळण्याचा सल्ला देतात आणि बहुतेक वेळा तो योग्यच असतो. परंतु बोटांना सारखाच लागणारा हा खरखरीतपणा नेहमी एकाच कारणाने उत्पन्न होत नाही. त्याचे मूळ कधी हवेत असते, कधी ताटात, तर कधी हातपंपाच्या पाण्यात. तेलाची वाटी पुढे करण्यापूर्वी ते कोठे आहे हे पाहणे आवश्यक असते.

यांपैकी सर्वांत साधा व सर्वांत अधिक आढळणारा प्रकार प्रथम पाहू. त्वचेचा अगदी वरचा थर मृत पेशींचा बनलेला असतो. या पेशी कौलांप्रमाणे एकमेकींवर बसलेल्या असून त्यांच्या फटींत स्निग्ध द्रव्य भरलेले असते. या द्रव्यामुळे शरीरातील पाणी बाहेर उडून जात नाही. हवा कोरडी झाली, किंवा कढत पाण्याने व तीव्र साबणाने हे द्रव्य धुऊन गेले, म्हणजे वरच्या पेशी सुकतात आणि त्यांच्या कडा उचलल्या जातात. काही व्यक्तींत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. केराटिन हे शृंगमय प्रथिन केस उगवण्याच्या रंध्राच्या तोंडाशी साचते व त्याचे लहानसे बूच तयार होते. थंडीने अंगावर काटा यावा आणि तो तसाच राहून जावा, असे या त्वचेचे रूप दिसते. ही प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते, किशोरवयात ती अधिक जाणवते आणि वय वाढेल तशी पुष्कळदा आपोआप ओसरते. हा संसर्गजन्य रोग नव्हे. अस्वच्छतेशीही त्याचा संबंध नाही. अशा मुलीला घरचे लोक ‘नीट घासून आंघोळ करीत नाहीस’ म्हणून रागावतात, तो तिच्यावर अन्याय होय. किंबहुना फार घासल्यामुळेच तिची त्वचा अधिक लाल व खडबडीत होत असते.

या प्रकारात घरगुती उपचारांना खरोखर यश येते. स्नानाचे पाणी कढत नसावे, कोमट असावे. स्नान लवकर आटोपावे. साबण काखा, जांघा व पाय एवढ्यापुरताच वापरावा. अंग टिपून ते किंचित ओलसर असतानाच तेल लावावे. तेल स्वतः त्वचेला पाणी पुरवीत नाही, ते केवळ असलेले पाणी अडवून धरते. म्हणून कोरड्याठक्क अंगाला दुपारी चोळलेल्या तेलापेक्षा स्नानानंतर लगेच लावलेले थोडे तेल अधिक उपयोगी पडते.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येऊन राहिली. त्यांच्या घरांतून दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची चाल आहेच. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद यांचे उटणे तेल लावल्यानंतर अंगाला लावतात. हा क्रम शास्त्रदृष्ट्याही समर्थनीय आहे. आधी लावलेल्या तेलाने सुकलेल्या पेशी मऊ होतात आणि मग उटण्याच्या हलक्या घर्षणाने त्या सुटून येतात. दोष एवढाच की हा उपचार वर्षातून चार दिवस होतो आणि कोरडी हवा चार महिने राहते. मसुराचे पीठ साईत किंवा आंबट दह्यात कालवून लावण्याचीही पद्धत आहे. दह्यात दुग्धाम्ल असते आणि वैद्यकातही केराटिनची बुचे सैल करण्यासाठी हेच आम्ल वापरतात. मात्र दह्यातील त्याचे प्रमाण अल्प असल्यामुळे त्याचा परिणामही सौम्यच असतो. घरगुती उपायांनी पुरेसा गुण न आल्यास युरिया किंवा दुग्धाम्ल असलेले मलम औषधांच्या दुकानात मिळते आणि ते फार महाग नसते.

कोणते तेल वापरावे, या प्रश्नाला प्रत्येक प्रदेशाने आपापले उत्तर दिले आहे. कोकणात खोबरेल, उत्तरेत मोहरीचे, तर छत्तीसगड व त्याला लागून असलेल्या गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मोहाच्या बियांचे तेल. या बियांना छत्तीसगडी बोलीत टोरी म्हणतात. मोहाची फुले वेचून झाल्यावर, उन्हाळा सरता सरता, त्या गोळा केल्या जातात. त्यांचे तेल थंडीत लोण्यासारखे घट्ट होते. ते दिव्यात जळते, काही घरांत खाण्यात असते आणि हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना व पोटऱ्यांना लावले जाते. घट्टपणामुळे ते त्वचेवर टिकून राहते. या कामी ते बाजारातील मलमापेक्षा कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. खोबरेल तेल कोरड्या त्वचेवर खनिज तेलाइतकेच गुणकारी व निर्धोक असल्याचे तुलनात्मक चाचणीत आढळले आहे. मोहरीच्या तेलाविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका प्रयोगात सूर्यफुलाच्या तेलाने दुखावलेल्या त्वचेचा संरक्षक थर लवकर भरून आला, तर मोहरीच्या तेलाने तो भरण्यास उशीर लागला. कातडी फुटलेली असेल तर, आणि तान्ह्या मुलांना, ते न लावणे बरे.

घरगुती म्हणून सांगितले जाणारे काही उपाय तर सरळसरळ अपायकारक आहेत. टाचांच्या भेगांना बिब्ब्याचे तेल लावण्याची चाल विदर्भात व छत्तीसगडात जुनी आहे. या तेलाने अनेकांच्या अंगावर भाजल्यासारखे फोड उठतात. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि काळे डाग दीर्घकाळ राहतात. वज्री टाचांसाठी आहे. ती दंडावर चालवू नये. शेजाऱ्याला गुण आला म्हणून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस आराम वाटतो आणि पुढे कातडी पातळ होते.

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. काही मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर व कुल्ल्यांवर टोकदार, कठीण आणि काळपट पुटकुळ्यांचे पुंजके दिसतात. तेल लावून त्या मऊ पडतात, परंतु जात नाहीत. १९३३ साली ल्युशियस निकोल्स या डॉक्टरांनी या विकाराला ‘फ्रिनोडर्मा’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ भेकाची, म्हणजे मोठ्या बेडकाची, कातडी असा होतो. हा विकार अन्नातील उणिवेमुळे होतो हे निकोल्स यांनी ओळखले होते. ही उणीव ‘अ’ जीवनसत्त्वाची असावी असे आरंभी मानले गेले. परंतु हे जीवनसत्त्व देऊनही पुष्कळ रोग्यांच्या पुटकुळ्या कायम राहिल्या आणि संशोधकांचे लक्ष दुसरीकडे वळले.

तो दुसरा धागा अमेरिकेतील एका प्रयोगशाळेतून निघाला होता. १९२९ साली जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मुळीच स्निग्धांश नसलेला आहार दिला. त्यांची कातडी खवल्यासारखी झाली आणि शेपट्या फुटल्या. लिनोलिक आम्ल असलेले थोडेसे तेल देताच ते बरे होऊ लागले. हे आम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही; ते अन्नातूनच मिळावे लागते. भारतात कुन्नूर येथील पोषण प्रयोगशाळेने भेकत्वचेचा अभ्यास केला. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलविण्यात आली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. लिनोलिक आम्ल असलेले तेल आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे यांचा आहारात समावेश केला असता या पुटकुळ्या ओसरतात, असे भारतीय संशोधकांना आढळून आले. ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीवही काही मुलांत बरोबरीने असते. म्हणून अशा मुलाला संधिप्रकाशात नीट दिसते की नाही, हे विचारणे अगत्याचे असते.

भाताच्या प्रदेशात हा विकार का संभवतो, हे समजणे अवघड नाही. तांदळाच्या दाण्यावरील कोंड्यात तेलही असते आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वेही. ढेंकीवर कांडलेल्या तांदळात त्यांचा काही अंश उरत असे. गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळात तो जवळजवळ उरत नाही. गरीब घरात सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजविलेला भात, मिठामिरचीशी खाल्ला जातो. भाज्यांच्या बाबतीत हा प्रदेश संपन्न आहे. लाल भाजी, चेच भाजी, मुनगा म्हणजे शेवग्याचा पाला, या सर्वांत ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य विपुल असते. पण ते शरीरात शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतो आणि तेल हाच गरीब घरात सर्वांत काटकसरीने वापरला जाणारा पदार्थ असतो.

उपाय त्याच शेतात आहे. भात उभा असतानाच, कापणीपूर्वी दोन-तीन आठवडे, बांधीतील ओलीवर जवस किंवा तिवरा फेकून पेरण्याच्या पद्धतीला येथे उतेरा म्हणतात. जवसात स्निग्ध आम्ले भरपूर असतात, परंतु त्यांत लिनोलिक आम्लाचा वाटा लहान असतो. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात मात्र त्याचे प्रमाण शेकडा ७५ च्या आसपास असते. तीळ, सूर्यफूल व तांदळाच्या कोंड्याचे तेल यांतूनही ते चांगले मिळते. अशा तेलाचे चहाचे एक-दोन चमचे रोज मुलाच्या भाजीत किंवा वरणात पडले आणि जोडीला डाळ व शेंगदाणे मिळाले, तर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. येथे तेल हेच औषध आहे. फक्त ते कोपराला न चोळता ताटात वाढावयाचे आहे.

तिसरे कारण ओळखण्यासाठी शरीररचनेतील एक साधी गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तळहात व तळपाय यांवर केस नसतात, म्हणून तेथे केसांची रंध्रेही नसतात. अर्थात वर वर्णिलेले दोन्ही प्रकार तेथे होऊच शकत नाहीत. श्रमाचे घट्टे पडतात, परंतु ते अवजार जेथे टेकते तेथेच. दोन्ही तळहातांवर व तळपायांवर कुरुपासारख्या लहान लहान कठीण गाठी विखुरलेल्या दिसल्या आणि छातीवर वा पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे गडद व फिकट ठिपके असतील, तर पिण्याच्या पाण्याचा संशय घ्यावा लागतो.

हा संशय छत्तीसगडात निराधार नाही. रायपूरच्या पश्चिमेस राजनांदगाव आणि तेथून दक्षिणेकडे अंबागढ चौकी हा गडचिरोलीच्या सीमेजवळील भाग आहे. त्या परिसरातील कौडीकसा व आसपासच्या काही गावांच्या भूजलात आर्सेनिक हे विष असल्याचे आणि तेथील लोकांच्या कातडीवर त्याची लक्षणे उमटल्याचे १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. त्या वेळी हा प्रदेश मध्य प्रदेशात होता. २०२२ पासून तो मोहला-मानपूर-अंबागढ चौकी या जिल्ह्यात मोडतो. हे विष कारखान्यातून आलेले नाही. ते तेथील खडकातून पाण्यात उतरते. त्याला रंग, वास वा चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. पाणी आटल्यामुळे उलट त्याचे प्रमाण वाढते. एका लिटरला १० मायक्रोग्रॅम ही भारतीय मानकांची व जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ती ओलांडणारे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर गाठी दिसू लागतात आणि पुढे काहींत त्यांचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. तेल, उटणे किंवा मलम यांनी गाठीचा पृष्ठभाग मऊ होईल. विषाचा पुरवठा मात्र चालूच राहील. त्या हातपंपाचे पाणी पिणे व त्यात स्वयंपाक करणे थांबविणे हाच येथे पहिला उपचार होय. सरकारी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होऊ शकते आणि ती व्यक्तीसाठी नव्हे, तर हातपंपासाठी करावयाची असते. कारण तेच पाणी शेजारची घरेही पीत असतात.

आणखी दोन विकारांचा निर्देश केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. घरातील अनेकांना रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज असते. तिच्यावर घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. करंजेलाने खाज थोडी कमी झाली तरी त्यावर विसंबू नये. दुसरा विकार कुष्ठरोग. २००५ च्या अखेरीस देशात त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. छत्तीसगडात ते त्यानंतरही अधिक राहिले. एखादा फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर कापसाचा स्पर्श न समजणे, कानाच्या पाळीवर गाठी, ही त्याची चिन्हे. अशा चट्ट्याला मोहाचे तेल लावीत बसलेला माणूस मोलाचे महिने गमावतो. शंभर वर्षांपूर्वी या रोगावर कडूकवठीच्या जातीच्या बियांचे तेल हेच मुख्य औषध होते आणि त्याची टोचणीही दिली जात असे. गुण अनिश्चित येई. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेला बहुविध औषधोपचार आज सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतो. सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी रोग बरा होतो आणि नसा दुखावण्यापूर्वी त्या सुरू झाल्या, तर हातापायांची बोटे सहसा शाबूत राहतात.