झाकपाक होऊ दे गं त्याची

अगं, रात्रीचे साडेअकरा. लेकीचा प्रोजेक्ट एकदाचा छापून झालाय, ओटा पुसून झालाय, पहाटे साडेपाचचा गजर लागलाय. तू 'शट डाउन'वर क्लिक करतेस आणि पडद्यावर ते पांढरे ठिपके गोल फिरायला लागतात. फिरतातच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतून आवाज येतो, "झालं का गं बंद?" आणि तुझा हात आपसूक भिंतीवरच्या बोर्डाकडे जातो. खट्. सगळं गार.

बघ, मी रागावत नाहीये. मी स्वतः जवळजवळ वर्षभर हेच केलंय. आमच्या सोसायटीची मी खजिनदार होते, मेंटेनन्सचा सगळा हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर. मार्चअखेरीच्या एका रात्री असाच बोर्ड बंद केला आणि सकाळी एक्सेलची फाईल उघडेचना. चाळीस घरांच्या पावत्या समोर घेऊन तीन रात्री मी ते सगळं पुन्हा टाइप केलं. त्या तीन रात्री तुझ्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून एवढं सांगतेय.

खरं सांगू का, कॉम्प्युटर बंद होणं म्हणजे दिवा मालवणं नाही. ती रात्रीची झाकपाक आहे. उरलेली भाजी लहान डब्यात काढायची, दुधाला विरजण लावायचं, गॅसचा कॉक फिरवायचा आणि मग दिवा. तोही तेच करतो. उघड्या फायली मिटतो. मेमरीत असलेलं, पण डिस्कवर अजून न उतरलेलं लिहून घेतो. मागे चाललेल्या प्रोग्रामना आवरायला सांगतो, प्रिंटरबिंटरचा निरोप घेतो आणि शेवटी वीज तोडतो. मध्येच अडकला, तर बहुतेक वेळा तो कुणाची तरी वाट बघत असतो. ती कुणाची, एवढंच आपल्याला शोधायचंय. घरात आठ माणसांचं वेळापत्रक सांभाळणारीला हे जड नाही गं.

पण सगळ्यात आधी पेन ड्राइव्ह लाव आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर त्यावर उतरवून घे. त्याआधी कशालाही हात लावायचा नाही. हे मी दटावून सांगतेय असंच समज.

आता पुढच्या वेळी अडकला की मोबाइलवर पडद्याचा फोटो काढ. 'हँग झाला' या दोन शब्दांत चार वेगळी दुखणी असतात. पडद्यावर टक्के दिसत असतील आणि कॉम्प्युटर बंद करू नका असं लिहिलं असेल, तर ते अपडेट आहे. त्याला हात लावू नकोस, अख्खी रात्र लागली तरी लागू दे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सोडते आणि तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. म्हणजे त्या आठवड्यात बुधवार-गुरुवारी रात्री कॉम्प्युटर जरा रेंगाळला, तर तो आजारी नाही. कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहितेस ना, तिथेच त्या मंगळवारावर एक टिंब दे.

एखादा प्रोग्राम बंद होऊ देत नाही असा मजकूर आणि खाली 'शट डाउन एनीवे' असं बटण दिसलं, तर घाईनं ते दाबू नकोस. 'कॅन्सल' कर आणि मागे बघ. नव्वद टक्के न साठवलेला वर्ड नाहीतर एक्सेलच असतो, 'सेव्ह करू का' असं विचारत खिडक्यांच्या मागे दडलेला. नुसते ठिपकेच फिरत असतील, तर सीपीयूवरचा डिस्कचा बारीक दिवा बघ. तो लुकलुकत असेल तर आत काम चाललंय. आणि पडदा काळा झाला, पण पंखा घरघरतोय, दिवा जळतोय, असं असेल तर विंडोज आपल्या परीनं झोपलंय आणि वीज मात्र तुटत नाहीये. या शेवटच्या दोन प्रकारांसाठी पुढचं सगळं सांगते.

एक सोपी परीक्षा कर. दोन दिवस 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करून बघ. रीस्टार्ट सुरळीत होतो आणि शट डाउनच अडकतो, असं निघालं तर अर्धा शोध लागलाच म्हणून समज. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन म्हटलं की तुझे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. तो आहे तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. आपण रात्री कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवतो ना, तसं. सकाळी पटकन पोळ्या होतात. पण कणकेत मीठ जास्त पडलं असेल, तर सकाळची पोळीही खारटच. एखादा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर किंवा ग्राफिक्स कार्ड चालवणारा तो छोटा प्रोग्राम, बिघडलेला असेल, तर त्याचा बिघाड रोज रात्री जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र कणीक नव्यानं मळली जाते.

पटत नसेल तर हे स्वतः बघ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स', मग 'सीपीयू'. खाली 'अप टाइम' म्हणून आकडा असतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिथे एकोणीस दिवस होते! रोज रात्री बंद करत होते गं मी त्याला, आणि त्याच्या हिशोबानं तो एकोणीस दिवस जागाच होता.

ही सोय बंद करायला कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जा. डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' अशी ओळ दिसेल. त्यात गेलीस की खालचे चौकोन फिकट दिसतील, टिचकी मारून काही होणार नाही. इथे माझी एक मैत्रीण कंटाळून उठली होती. वर निळ्या अक्षरांत 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' असं लिहिलेलं असतं, आधी त्यावर क्लिक करायचं. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढ आणि 'सेव्ह चेंजेस' कर. तो चौकोनच दिसत नसेल, तर तुझ्याकडे हायबरनेशन, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर लिहून ठेवणं, बंद आहे आणि ही सोयही बंदच आहे, पुढे चल. खूण काढल्यावर सकाळी चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. एसएसडी असेल तर जाणवणारही नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर जाणवेल, तेवढ्यात चहाचं आधण ठेव. काही बदलायचा धीर होत नसेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक कर. तेवढ्या एका वेळेपुरता तो पूर्ण बंद होतो.

एवढ्यानं भागलं नाही, तर वायरी. माउस आणि कीबोर्ड सोडून मागचं-पुढचं सगळं यूएसबी काढ. प्रिंटर, वेबकॅम, पेन ड्राइव्ह, लग्नाच्या फोटोंची ती बाहेरची डिस्क. मग शट डाउन कर. झाला नीट? मग दुसऱ्या दिवशी एक वस्तू लाव, तिसऱ्या दिवशी दुसरी. आमच्याकडे दोषी निघाला प्रिंटर. त्यात एक छपाई अर्धवट अडकलेली होती, कागद कधीचा संपलेला, आणि ती रांगेत तशीच उभी. प्रिंटरचा प्रोग्राम रोज रात्री तिच्यासाठी ताटकळायचा. छपाईची रांग रिकामी केली, प्रिंटरचा ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा घातला, आणि त्या रात्री कॉम्प्युटर बारा सेकंदांत बंद झाला. मी घड्याळ लावून बसले होते. इतका आनंद मला पहिल्या गोल पोळीचाही झाला नव्हता.

पुढचा प्रश्न आजी विचारायची तोच: हे दुखणं कधीपासून? तुला आठवत नसेल, पण कॉम्प्युटरला आठवतं. खालच्या शोधाच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' टाइप कर, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' वर येईल. उघडलंस की दिवसवार रकाने दिसतात. जिथे लाल फुली, तिथे काहीतरी बिघडलेलं. तू बोर्ड बंद केलास ते दिवससुद्धा तिथे नोंदलेले असतात, विंडोज नीट बंद झालं नाही म्हणून. पहिली लाल फुली शोध आणि तिच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय नवीन घातलं गेलं ते बघ. मुलानं घातलेला एखादा गेम, फुकटचा पीडीएफ प्रोग्राम, नाहीतर दुसरा अँटिव्हायरस. या दुसऱ्या अँटिव्हायरसवर माझा खास राग आहे. विंडोजमध्ये डिफेंडर मुळातच असतो. त्यावर एक, आणि जुना न काढता आणखी एक, अशी घरं मी पाहिलीत. एका ओट्यावर तीन जणी एकदम फोडणी द्यायला उभ्या राहिल्या तर काय होईल? ज्याची मुदत संपलीय, तो काढून टाक.

तरीही सापडलं नाही तर आणखी एक चाळणी आहे, पण ती शनिवारी दुपारी, निवांत वेळी. विंडोजची कळ आणि आर दाब, चौकटीत 'एमएसकॉन्फिग' इंग्रजीत टाइप कर. 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर खूण कर. ही खूण विसरायची नाही, नाहीतर विंडोजची स्वतःचीच माणसं घराबाहेर काढशील. उरलेल्या यादीचा फोटो काढ, सगळ्या बंद कर, रीस्टार्ट कर आणि मग शट डाउन करून बघ. नीट झाला तर निम्म्या चालू कर, पुन्हा बघ. अंगावर पित्त उठलं की आपण एकेक पदार्थ सोडून बघतो, तेच हे. शेजारच्या 'बूट' या पानाला मात्र हात लावू नकोस.

आणि व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, शिरू नकोस, बरं का. तिथे सांगतात, अमुक ठिकाणचे ५००० काढून २००० लिहा, कॉम्प्युटर झटकन बंद होईल. ते ५००० म्हणजे मागे चालणाऱ्या सर्व्हिसेसना आवरायला दिलेले पाच सेकंद. ते कमी करणं म्हणजे जेवत्या माणसाच्या पुढ्यातून ताट ओढणं. दुखणं तसंच राहतं आणि लिहिणं अर्धवट तुटतं.

विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्याची शंका असेल, तर कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघड. एस, एफ, सी, मग एक मोकळी जागा, मग उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ, असं इंग्रजीत लिहून एंटर कर. शंभर टक्के होईपर्यंत खिडकी मिटायची नाही. आणि हार्ड डिस्कमधून कट्-कट् असा ठराविक आवाज येत असेल, तर हे काहीच करत बसू नकोस. राहिलेला डेटा उतरव आणि डिस्क बदलून घे. ती सांगतेय तुला, तिचं होत आलंय.

दुरुस्तीवाला आलाच, तर तो आल्याआल्या म्हणेल, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल." लगेच मान डोलावू नकोस. तू काढलेले फोटो दाखव आणि सांग, रीस्टार्ट होतो, शट डाउन होत नाही, प्रिंटर काढून बघितलाय, पहिली फुली अमुक तारखेची आहे. मग बघ, तो खुर्ची ओढून बसतो की नाही. आणि हे तुझ्याच घरचं खूळ आहे असं मनात आणू नकोस. १९९९ साली विंडोज ९८ची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा बंद होताना अडकायची ही तक्रार इतकी होती की मायक्रोसॉफ्टला तेवढ्यासाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली होती.

आता राहिला आज रात्रीचा प्रश्न, कारण हे सगळं एका दिवसात होणार नाही. अडकलाच, तर अपडेट नाही ना ते बघ. डिस्कचा दिवा बघ. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघ, त्याचा दिवा लागत-विझत असेल तर बिचारा अजून शुद्धीवर आहे, त्याला आणखी पंधरा मिनिटं दे आणि तू जाऊन पड. दिवे सगळे निपचित असतील, तर कॉम्प्युटरचंच बटण पाच-दहा सेकंद दाबून धर, तो बंद होईल. धोका यातही आहे, पण बोर्ड बंद करताना आपण पडद्याकडे बघतसुद्धा नाही, इथे निदान बघून ठरवतो. ज्या रात्री असं करावं लागेल, ती तारीख लिहून ठेव.

आणि हो, यूपीएस असला तरी त्याच्या भरवशावर राहू नकोस. आपल्या घरचे छोटे यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतात, आणि तुझ्या कॉम्प्युटरला सध्या बंद व्हायलाच तेवढी लागतायत. भारनियमनाच्या दिवशी यूपीएस टीं-टीं करायला लागला की पहिल्या टींला शट डाउन कर.

बाकी, बोर्डाच्या त्या बटणावर आजच एक कागद चिकटव, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा. माझ्याकडे पिवळ्या कागदावर 'आधी पडदा बघा' असं लिहिलंय, वर सेलोटेप. आणि रविवारी सकाळी प्रिंटरची वायर काढून बघितलीस की मला फोन कर. साडेदहानंतर मी मोकळीच असते.