टोकनच्या आधीची तारीख

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझी जुनी गाडी घेणारे पुण्याचे गृहस्थ चारचौघांत वेगळंच सांगत फिरतात असं कानावर आलंय. गाडीचं इंजिन बदललेलं आहे हे मी त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. आरसीचा फोटोही त्याच संध्याकाळी पाठवला होता, इंजिन बदलाच्या नोंदीसकट.

गाडी मर्सिडीज 220 डी, म्हणजे डब्ल्यू 115, पहिली नोंदणी 1974 ची. मूळचं ओएम 615 इंजिन आधीच्या मालकाने केव्हाच भंगारात घातलेलं. त्याजागी बजाज टेम्पोच्या ट्रॅव्हलरचं ओएम 616 बसवलेलं. मर्सिडीजला टेम्पोचं इंजिन म्हटलं की लोक हसतात. पण ते इंजिन मुळात डाइम्लर-बेंझचंच, बजाज टेम्पोने परवाना घेऊन आपल्याकडे बनवलेलं. खुद्द मर्सिडीज याच मॉडेलच्या 240 डीमध्ये ओएम 616 घालत होती. तेव्हा इंजिन परकं नव्हे, त्याच घरातलं. हे त्यांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "काका, मला माहितीय हो. इंजिनचं काही नाही, मला गाडीचा लूक आवडला."

लूक! तीन वर्षं त्या लूकपायी गेली. पावणेतीन लाखांना गाडी घेतली आणि वर अकरा लाख घातले. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं दुकान आहे, त्यामुळे बुश, पिना, वॉशर यांची चिंता नव्हती. मला बुडवलं पत्र्याने. जुनी गाडी बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा आणि तो पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या भोवती, पुढच्या काचेच्या खाली फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी आहे. मी एवढं सगळं केलं आणि डिकीतलं कार्पेट मात्र उचललं नाही. मिस्त्रीने नंतर स्टेपनीच्या खड्ड्यात स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो आरपार खाली. "मालक, ह्यो पत्रा न्हाई, नुसतं डांबार हाय," एवढंच बोलला. ती डिकी मला पंचाऐंशी हजारांना पडली.

क्रोमच्या पट्ट्या प्लेटिंगला मोजून आणि फोटो काढून द्या. माझी डाव्या दाराची एक पट्टी 'इथं आलीच नव्हती' म्हणून गेली ती गेलीच. आधी तांब्याचा थर, मग निकेल, मग क्रोम, असं काम असतं. तांबं वाचवणारे वाचवतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड तुमच्या बंपरला येतात. रंगही आषाढात मारू नका. आमच्या कोल्हापूरच्या हवेत दमटपणा रंगाखाली अडकतो आणि दिवाळीपर्यंत बॉनेटला कांजिण्या उठतात. माझा एकदा मारलेला रंग खरवडून काढावा लागला, तो कुणाच्या घाईमुळे हे घरात विचारू नका. बाकी चांगला मिस्त्री धरा, अंदाजाच्या दीडपट पैसे हाताशी ठेवा, वगैरे तुम्हाला कुणीही सांगेल.

आता विक्री.

गृहस्थ तीनदा आले. पहिल्या वेळी बायको-मुलाला घेऊन. मुलाला मागच्या सीटवर बसवून फोटो काढले. आमच्याकडे जेवले. दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार बघायला येणार म्हणाले. दुसऱ्या वेळी साडेदहा लाखांवर हात मिळवला आणि पन्नास हजार टोकन दिलं. पावती मागितली नाही, मीही दिली नाही. पुढचे तीन आठवडे आणखी दोघांचे फोन आले, त्यांना मी 'गाडी गेली' म्हणून सांगितलं. त्यातले एक सांगलीचे डॉक्टर होते, त्यांची आठवण अजून येते.

तिसऱ्या वेळी बरोबर 'आमचे एक मित्र' होते. हे मित्र टॉर्च घेऊन इंजिनवर वाकले, नंबर मोठ्याने वाचला, आणि चेहरा असा केला की जणू आत मेलेलं मांजर सापडलं. मग दोघं अंगणात जाऊन कुजबुजले. परत आले तेव्हा 'काका' गेले होते, 'तुम्ही' उरलं होतं. "तुम्ही म्हणता ते ठीक, पण ही गाडी व्हिंटेजमध्ये बसणार नाही. आम्ही आठच्या वर जाऊ शकत नाही."

नियम खरा आहे, तो मला तेव्हा ठाऊक नव्हता. केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. माझ्या गाडीची पन्नाशी 2024 मध्ये भरली, म्हणून तर हे गृहस्थ उगवले. आणि त्या नोंदणीची गाडी रोज फिरवताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, डिझेल भरणं, एवढंच. 'रविवारी पोराला घेऊन फिरेन' म्हणणाऱ्या माणसाला व्हीए कशाला हवं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

ते फोनवर बोलायला बाहेर गेले आणि फाइल टीपॉयवर उघडी राहिली. त्यात माझ्याच आरसीची प्रिंट होती, इंजिन नंबरभोवती लाल गोल. खाली नियमाची प्रिंट, अटीच्या ओळीवर पिवळा मार्कर. प्रिंटवर कोपऱ्यात तारीख येते ना, ती मी वाचली. टोकनच्या चार दिवस आधीची होती. म्हणजे हात मिळवला त्या दिवशी त्यांना सगळं माहीत होतं. तीन आठवडे फक्त माझी बाकीची गिऱ्हाइकं जायची वाट बघत होते.

मी काय केलं? सव्वाआठला दिली. गॅरेजचं भाडं थकलं होतं, त्या महिन्यात पैशाची गरज होती. फाइलबद्दल एक शब्दही बोललो नाही, आणि तेच सगळ्यात जास्त टोचतं.

तेव्हा टोकन घ्याल तर कागदावर घ्या. इंजिन नंबर, चॅसिस नंबर, काय बदललंय, काय मूळ आहे, हे सगळं लिहून 'पाहून मान्य' अशी खाली सही घ्या. किती दिवसांत बाकी रक्कम आणि नाही आली तर टोकनचं काय, तेही. फोनवर सांगितलेलं काही उपयोगाचं नाही, मी सांगितलं होतं. व्हीएचा विचार असेल तर इंजिनचा निकाल रंगाच्या आधी लावा. मी अकरा लाख घालून झाल्यावर नियम वाचला.

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून चावी दिली की आपण मोकळे, असं मी समजत होतो. चार महिन्यांनी एक्सप्रेसवेवरचं अतिवेगाचं ई-चलान माझ्या मोबाइलवर आलं. ज्या गाडीला मी साठच्या वर कधी नेलं नाही तिचं! मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्यानेही 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, त्याची पोच जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका निकालात अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्या मालकाच्याच डोक्यावर ठेवली होती. गाडी त्याने कधीच विकलेली, पुढे ती आणखी हात फिरली होती, तरीही. आमच्या वकिलांनी हे सांगितलं त्या रात्री मला झोप नव्हती. चलानाचे पैसे मी भरले, मग नोटीस पाठवली, तेव्हा कुठे आठवड्याभरात गाडी त्यांच्या नावावर झाली.

मागच्या दिव्याची एक काच मी जर्मनीहून जास्तीची मागवून ठेवली होती. परवा त्यांचा फोन आला. पुन्हा 'काका' झालो होतो. उजवी काच फुटलीय, तुमच्याकडे एक आहे ना? मी म्हटलं, बघून सांगतो. ती समोर कपाटावरच आहे.