भिंतीवरचं वाक्य आणि तुझी बिलं

सोनू, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, प्रवासाची बिलं मागायची मलाच लाज वाटते गं." तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

तुमच्या संस्थेसारखंच माझ्या पहिल्या संस्थेतही दाराशीच भिंतीवर ध्येयवाक्य रंगवलेलं होतं. पहिल्या दिवशी ते वाचताना अंगावर काटा आला होता. पुढे तीन महिन्यांचं मानधन थकलं. विचारायला गेले, तर साहेबांनी त्या भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, "आपण इथे पैशासाठी आलोय का?" मी मान खाली घालून बाहेर आले, आईकडून बसभाडं घेतलं आणि वस्तीत गेले. मीच स्वार्थी, असं कितीतरी वर्षं वाटत राहिलं बघ.

पण म्हणून ध्येयवाक्यावरच राग काढू नकोस. 1995 साली मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था घे. प्रत्येक मूल शाळेत असावं आणि नीट शिकत असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यातलं 'नीट शिकत असावं' मला फार मोलाचं वाटतं, कारण पटावर नाव चढलं की काम संपलं, असं म्हणायची सोयच उरत नाही. 2005 पासून त्यांच्याच 'असर' या पाहणीत गावोगावी, घरी जाऊन मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. पाचवीतली पोर त्यावर बोट ठेवून अडखळली, की उद्या काय करायचं ते समोर दिसतं. तुमच्या भिंतीवरचं वाक्य तुला असं काही सांगतं का, ते बघ.

ब्राउन आणि योशिओका या अमेरिकी अभ्यासकांनी 2003 मध्ये एका ना-नफा संस्थेत काम करणाऱ्या माणसांबद्दल लिहिलंय. ध्येयाची ओढ माणसाला धरून ठेवते, पण पगाराची नाराजी वाढली की ती अपुरी पडते. हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं गं.

तेव्हा बिलं माग, आणि लेखी माग. नियुक्तीपत्र नसेल तर तेही. संस्थेत 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफचंही विचार. वस्तीतल्या बायकांना त्यांचा हक्क मागायला तूच शिकवतेस ना?

एसटीच्या तिकिटावरची शाई उडते, आजच फोटो काढून ठेव. शनिवारी सगळी तिकिटं घेऊन ये. तारखेप्रमाणे कागदावर चिकटवू, अर्ज दोघी मिळून लिहू.