पीपीटीतला व्हिडिओ चालावा म्हणून किती पैसे घालावेत?

सादरीकरणात व्हिडिओ अडकला की दुकानात पहिला सल्ला मिळतो, 'नवं ऑफिस टाकून घ्या'. दुसरा सल्ला कोडेक पॅकचा, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संचाचा, आणि तिसरा थेट नव्या लॅपटॉपचा. सातारा असो की सांगली, यातल्या बहुतेक खर्चाची गरज नसते. क्लिप न चालण्याची मुख्य कारणं दोन-तीनच आहेत. त्यांचा इलाज फुकट आहे. जे थोडे पैसे घालायचे ते केबल आणि अडॅप्टरवर घालावेत, कारण व्हिडिओ अडतो तितकाच आवाजही अडतो.

पहिल्या कारणासाठी एक साधी तपासणी करा. तुमच्या पीपीटी फाइलवर राइट क्लिक करून तिचा आकार बघा. व्हिडिओ 60 एमबीचा आणि पीपीटी 4 एमबीची असेल, तर व्हिडिओ पीपीटीत नाहीच. पीपीटीत आहे तो फक्त तुमच्या संगणकावरच्या फोल्डरचा पत्ता. दुसऱ्या मशीनवर तो फोल्डर नसतो, म्हणून काळा चौकोन दिसतो. पॉवरपॉइंट 2007 पर्यंत व्हिडिओ असाच, दुव्यानं जोडला जाई. 2010 पासून तो फाइलच्या आत बसतो, मात्र 'इन्सर्ट'ऐवजी 'लिंक टू फाइल' निवडलं गेलं की पुन्हा तेच. जुन्या 'पीपीटी' स्वरूपात फाइल साठवू नका, 'पीपीटीएक्स'मध्येच ठेवा आणि मूळ क्लिपही त्याच फोल्डरमध्ये सोबत न्या.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. 'एमपी4' हा फक्त डबा आहे, आत कोणती भाजी आहे ते डब्यावरून कळत नाही. पॉवरपॉइंटला हमखास चालते ती एच.264 पद्धतीची चित्रफीत आणि एएसी आवाज. आयफोन मात्र 2017 पासून एचईव्हीसी म्हणजे एच.265 पद्धतीत चित्रण करतो आणि कित्येक अँड्रॉइड फोनमध्येही तो पर्याय चालू असतो. अशी क्लिप तुमच्या नव्या लॅपटॉपवर सुरळीत चालते आणि कॉलेजच्या संगणकावर नुसता आवाज येतो. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, 'अहो, व्हीएलसीत तर चालतेय!' चालणारच. व्हीएलसी प्लेयर क्लिप उलगडण्याची सगळी सामग्री स्वतःबरोबर बाळगतो, पॉवरपॉइंटला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. कोडेक पॅकचंही तसंच. तो ज्या मशीनवर टाकला तिथपुरताच, आणि सभागृहातलं मशीन तुमचं नसतं.

इलाज असा. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, क्लिप त्यात टाका, 'फास्ट 1080पी30' निवडा आणि एमपी4 काढा. मशीन जुनं असेल तर 720पी पुरे. प्रोजेक्टरवर मागच्या रांगेतल्या माणसाला फरक कळत नाही. आयफोनवाल्यांनी चित्रणाआधीच सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवावं. शाळेच्या लॅबमध्ये अजून ऑफिस 2010 असेल तर तिथे एमपी4 क्विकटाइमशिवाय चालत नाही आणि अ‍ॅपलनं विंडोजसाठीचं क्विकटाइम 2016 मध्येच सोडून दिलं. त्या एका मशीनसाठी क्लिप डब्ल्यूएमव्ही करून घ्या. मॅकवर मात्र डब्ल्यूएमव्ही नेऊ नका.

हे जमत नसेल तर फोटो स्टुडिओवाला किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा मुलगा क्लिप कापून, बदलून देतो. साधारण 100 ते 300 रुपये क्लिपमागे वाजवी. त्याला 'एमपी4 करून दे' एवढंच सांगू नका, 'एच.264 आणि एएसी' असं सांगा. दोन मिनिटांच्या क्लिपला कुणी हजार मागितले तर उठून या.

क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवत असाल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. गॅलरीतून पाठवलेली क्लिप दाबून बारीक होते आणि मोठ्या पडद्यावर माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत.

आता सभागृह. सप्टेंबरात पतसंस्थांच्या वार्षिक सभांची गर्दी असते, पुढे विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेच्या फेऱ्या. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टर जुना, त्याला व्हीजीएची निळी पिन. व्हीजीएतून आवाज जातच नाही. त्यामुळे एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर घेताना ज्याला आवाजाचं छोटं भोक आहे तोच घ्या, 300 ते 500 रुपये. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यायचा असतो आणि त्याच्याकडे बहुधा मोठी पी-38 पिन असते, हेडफोनची बारीक नसते. दोन्हीकडे योग्य पिन असलेली केबल 150 ते 300 रुपयांत होते. ती स्वतःची ठेवा. साउंडवाला देईन म्हणतो, पण त्याची केबल दुसऱ्या मांडवात गेलेली असते. स्पीकरमधून घूंऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं थांबतो.

एचडीएमआयनं जोडलं तर उलटी गंमत. आवाज आपोआप प्रोजेक्टरकडे वळतो आणि त्याच्या मरतुकड्या स्पीकरमधून निघतो. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज पुन्हा लॅपटॉपकडे घ्या. लांब केबल स्वस्तातली घेऊ नका. 10 मीटरच्या पुढे साध्या केबलचं चित्र लुकलुकतं. चांगली 10 मीटरची केबल 800 ते 1,200 रुपयांना मिळते. पातळ लॅपटॉपला टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर लागतो, 700 ते 1,500. लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी भोकातून चित्र बाहेर पडतंच असं नाही, तेव्हा लॅपटॉप घेऊनच दुकानात जा, तिथेच लावून बघा आणि पक्कं बिल घ्या. प्रोजेक्टर, पडदा भाड्यानं घेतलात तर दिवसाला साधारण 1,000 ते 2,500 रुपये. त्यात ऑपरेटर आहे का, हे आधी विचारा.

स्वतःचा लॅपटॉप नेणं हाच सगळ्यात स्वस्त विमा. ते शक्य नसेल तर 64 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, 400 ते 700 रुपये. पीपीटी पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका, आधी डेस्कटॉपवर उतरवा. स्वस्त पेनड्राइव्ह संथ असतो आणि क्लिप अडखळते. वर पिवळी पट्टी दिसली तर 'एनेबल एडिटिंग' दाबा. पेनड्राइव्हवर संपूर्ण सादरीकरणाचा व्हिडिओही ठेवा. 'फाइल'मधल्या 'एक्स्पोर्ट'मध्ये 'क्रिएट अ व्हिडिओ' आहे. शाळेतल्या अँड्रॉइडच्या मोठ्या पॅनेलवर पीपीटीतली क्लिप रुसली तरी हा व्हिडिओ चालतो.

जाता जाता फाँटचं. शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या स्लाइड परक्या मशीनवर अगम्य अक्षरं दाखवतात. युनिकोडमध्ये टाइप करा, व्हिडिओसाठी केलेली सगळी धडपड मथळ्यानं वाया जायला नको.

राहिलं नवं ऑफिस. मायक्रोसॉफ्ट 365 ला वर्षाला साधारण पाच ते सात हजार रुपये लागतात. तुमच्याकडे 2013 किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर केवळ क्लिपसाठी हा खर्च करू नका. मात्र विंडोज 10 बरोबरच ऑफिस 2016 आणि 2019 चीही सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आहे, तेव्हा संस्थेचं कामकाज त्याच मशीनवर होत असेल तर बदलाचा विचार वेगळ्या कारणासाठी करावा लागेल. तोवर लिब्रेऑफिस मोफत आहे. फक्त पॉवरपॉइंटमध्ये केलेली फाइल त्यात आयत्या वेळी पहिल्यांदा उघडू नका, क्लिपची जागा आणि आपोआप सुरू होणं दोन्ही बदलू शकतं. दुकानदार बिनपरवान्याचं ऑफिस 300 रुपयांत टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. कार्यक्रमाच्या दिवशी त्याची मुदत संपल्याची लाल पट्टी प्रमुख पाहुण्यांसमोर झळकते. केबल-अडॅप्टरचं बिल घेऊनही वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.