ड्रायसूट घालण्याआधी

टोकियोत राहणारी आपली मंडळी स्कूबा शिकायचं म्हणतात तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मालवण असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं कोमट पाणी, मागून टँक धरून असलेला गाईड, थोडा वेळ मासे बघायचे आणि वर यायचं. त्यातला आनंद खरा आहे, पण ते डायव्हिंग शिकणं नव्हे. मी शिकले ते इझू द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाला, ओसेझाकीला. समोर सुरुगा उपसागर, हवा स्वच्छ असेल तर पलीकडे फुजी. भूशिराच्या आडोशामुळे आतलं पाणी बहुतेकदा शांत असतं, म्हणून शिकवण्यासाठी ही जागा लोकप्रिय आहे. तिथे नवख्यांना त्रास होतो तो मुख्यतः थंडीचा, आणि थंडीवर उपाय म्हणून अंगात चढवलेल्या, पाणी आत येऊ न देणाऱ्या ड्रायसूटचा.

आधी ऋतूचं सांगते. समुद्र हवेच्या मागून तापतो आणि मागूनच निवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथलं पाणी १४-१५ अंशांवर येतं. साकुरा फुलतात, लोक जॅकेटं काढतात, तेव्हाही पाण्यात फारसा फरक पडलेला नसतो. एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकच्या सुट्टीत शिकणाऱ्यांची झुंबड उडते आणि वसंतात प्लवक वाढून पाणी गढूळ होतं ते याच सुमारास. पाणी सर्वांत स्वच्छ असतं ते ऐन थंडीत. सप्टेंबरमध्ये तेच पाणी २५ अंशांच्या आसपास असतं, पाच मिलिमीटरच्या वेटसूटवर भागतं. घाई नसेल तर पहिला कोर्स तेव्हाच करा. टायफून आला तर तारीख पुढे ढकला, त्यात काही बिघडत नाही.

पण हिवाळ्यात शिकायचंच असेल तर ड्रायसूटला कपडा समजू नका. त्यात हवा असते आणि ती हवा सांभाळावी लागते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, हवा निम्म्या जागेत मावते आणि सूट अंगाला आवळू लागतो. छातीवरचं बटण दाबून आत हवा घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते. डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती सोडायची. हवा नेहमी शरीराच्या सर्वांत उंच भागाकडे धावते, म्हणून सोडताना दंडच उंच हवा. डोकं खाली गेलं की सगळी हवा पायांत जाते.

माझ्या बाबतीत तेच झालं. डायव्हिंगच्या दुकानाने दिलेला सूट मला मोठा होता. ‘चालेल’ म्हणून सांगितलं गेलं आणि सूटचा वेगळा सराव न देता आम्हाला थेट उतारावर नेलं. तळाचा उतार धरून खाली जाताना पाय हलके होत असल्याचं जाणवलं, आणि बघता बघता बुटांचा भाग फुगला. एक फिन सुटायला आला. मी उलटी होऊन पायांच्या बाजूने वर ओढली जात होते. व्हॉल्व्ह खाली, हवा वर, त्यामुळे व्हॉल्व्ह दाबून काही उपयोग नव्हता. इन्स्ट्रक्टरने पट्टा धरून खाली खेचलं, सरळ केलं, माझं डावं कोपर वर उचललं, आणि बुडबुड्यांचा लोट बाहेर पडला. अशा वेळी भीतीने श्वास रोखला तर फुफ्फुसातली हवा फुगून फुफ्फुसाला इजा होऊ शकते; तीही अगदी उथळ पाण्यात. श्वास चालू ठेवायचा, हा पहिल्या तासाला सांगितलेला नियम तेवढ्यासाठीच आहे.

यावरचा उपाय अवघड नाही, फक्त तो उथळ पाण्यात आधी घोटून घ्यावा लागतो. गुडघे छातीशी घ्यायचे, अंगाचं मुटकुळं करून गिरकी मारायची, सरळ व्हायचं आणि दंड उंच करून हवा सोडायची. दोन मीटर पाण्यात हे पुन्हा पुन्हा करून बघा. सूट मापाचा घ्या. मनगटाची आणि गळ्याची सील घालताना साबणाचं पाणी लावा, अंगठ्या काढा, नखं कापा. सील फाटली किंवा तिच्यात इनरची, म्हणजे सूटच्या आतल्या कपड्याची, बाही अडकली की पाणी आत शिरलंच. आत सुती कपडे घालू नका, भिजल्यावर ते गारठवतात. आणि पूर्ण तयारी करून उन्हात ताटकळत उभं राहू नका. घामाने ओलं झालेलं इनर पाण्यात गेल्यावर तितकंच वाईट.

आता थंडीविषयी. आपल्याकडे सोसण्याचं कौतुक फार. इथे ते जिवावर बेतू शकतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. आधी बोटं बधिर होतात, मग बटण आणि बकल चाचपडायला लागतात, मग हुडहुडी भरते आणि टँकमधली हवा भराभर संपते. मी पाण्याखाली अधूनमधून अंगठा करंगळीला टेकवून बघते. टेकवताना अडखळलं की बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, खूण करून वर. हुडहुडी भरेपर्यंत थांबू नका. कोणी मागे लागलं, ‘अजून पाचच मिनिटं’ म्हणालं, तरी नाही. आणखी एक, विशेषतः बायकांसाठी: सूट काढावा लागेल म्हणून सकाळपासून पाणी न पिणं घातक आहे. थंडीत लघवी जास्त होते, शरीर कोरडं पडतं, आणि त्याने डीकम्प्रेशनच्या आजाराचा, म्हणजे शरीरात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा, धोका वाढतो.

वर आल्यावरही सावध राहायला हवं. किनाऱ्यावर गरम पाण्याच्या टबचं आमंत्रण असतं. अंग आतून गारठलेलं असताना लगेच कढत पाण्यात बसू नका, आधी कोरडे कपडे आणि गरम चहा. मग परतीचा रस्ता. हाकोने घाट ८४६ मीटरवर आहे, तोमेई एक्स्प्रेसवेही गोतेम्बाजवळ साडेचारशे मीटर चढतो. डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी इतक्या उंचीवर जाण्यानेही डीकम्प्रेशनच्या आजाराचा धोका वाढतो. इझूच्या पूर्व किनाऱ्यावरून येत असाल तर समुद्राकाठचा रस्ता धरा. ओसेझाकीहून येत असाल तर तिथल्या मिन्शुकूत, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, एक रात्र मुक्काम करणं सर्वांत चांगलं. एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील तर विमानप्रवासाआधी किमान १८ तास जाऊ द्या. सांधे दुखले, हातपायांना मुंग्या आल्या तर थकवा समजून झोपू नका, ११९ ला फोन करा. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक ११८ आहे.

पैसे भरण्याआधी दुकानाला तीन प्रश्न विचारा: सूट माझ्या मापाचा मिळेल का, उथळ पाण्यात ड्रायसूटचा वेगळा सराव होईल का, आणि मला कळेल अशा भाषेत शिकवाल का. एकाचंही उत्तर ‘नाही’ किंवा ‘बघू’ असेल तर दुसरं दुकान शोधा.