धम्मयात्रेतील आहार व पाणी

धुळ्याहून धम्मयात्रेस निघालेले आपण उपासक-उपासिका सारनाथ, बोधगया, कुशीनगर करून सोनौली सीमेवरून लुंबिनीस जातो. लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेशात आहे, हे विसरून दिसेल त्या हातपंपाचे पाणी पितो. यात्रेत वयस्कर मंडळी बरीच असतात. जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या जिवावर बेतते.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या घडीतून पाणी गाळून पाहिले, तेव्हा कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. परंतु गाळणे पुरेसे नाही. गाळलेले पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळावे. नेपाळच्या तराईतील काही हातपंपांच्या पाण्यात मात्र आर्सेनिक आहे. ते उकळून जात नाही. तेथे सीलबंद बाटलीच घ्यावी.

जेवण गरम, ताजे असावे. कापून ठेवलेली फळे, कोशिंबीर व बर्फ टाळावा. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. शौचातून रक्त पडल्यास किंवा ग्लानी आल्यास त्वरित दवाखाना गाठावा.

साखर-मिठाची पुडी व चमचा प्रत्येकाने पिशवीत ठेवावा, ही विनंती.